मदत हवी आहे: भूल देऊन अक्कलदाढा काढल्यावर उलट्या होऊ नयेत म्हणून काय करावं?

माझ्या बहिणीच्या अक्कलदाढा हाडात आडव्या अडकल्यात, पुढच्या आठवड्यात पूर्ण भूल देऊन काढणार आहेत. तिला घाटात गाडी लागते, आणि अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर रात्रभर उलट्या झाल्या होत्या. भूलतज्ज्ञांना हे सांगणारच आहोत. उलटी रोखणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनसोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, आणि वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलची भूल दिली तर मळमळ कमी होते, एवढं कळलंय. मला जास्त काळजी गिळलेल्या रक्ताची आहे, त्यानेही पोट ढवळतं. शिवाय उलट्यांनी टाक्यांवर ताण. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया सांगा: घरी आल्यावर आधी काय दिलंत? दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी द्याव्या लागू नयेत म्हणून काय केलंत? इथे कुणी भूलतज्ज्ञ असतील तर आणखी काय विचारून घ्यावं?