मिशनरी न जाता ख्रिस्ती झालेले हमोंग

डोंगरयात्री :

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी "आग्नेय आशियातल्या भोळ्या आदिवासींना मिशनऱ्यांनी तांदळाच्या पोत्यावर बाटवलं" असं एका ओळीत उरकून टाकलं. तिथे वाद घातला असता तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय.

हमोंग म्हणजे दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस, थायलंड इथल्या डोंगरांत राहणारे लोक. व्हिएतनाममध्ये २०१९च्या जनगणनेत ते १३ लाखांच्या वर भरले. त्यातले तीन लाखांच्या आसपास आज प्रोटेस्टंट असावेत असा अंदाज सांगतात. चाळीस वर्षांपूर्वी यातलं जवळपास कुणीच नव्हतं, आणि तेव्हा परदेशी मिशनऱ्याला त्या डोंगरात पाऊल ठेवायची सोयही नव्हती. मग झालं काय? रेडिओ. मनिलाहून फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग कंपनीचे हमोंग भाषेतले कार्यक्रम लागायचे. बोलणारा अमेरिकेत स्थायिक झालेला हमोंगच. १९८०च्या दशकाच्या शेवटी वाड्याच्या वाड्या ते ऐकू लागल्या. लोकांनी आपल्या हाताने घरातले देव उतरवले आणि मग 'आता पुढे काय करायचं' हे विचारायला माणसं हनोईच्या चर्चपर्यंत गेली.

रेडिओतून तांदळाचं पोतं येत नाही. हमोंगांना कुणी बाटवलं नाही, त्यांनी आपल्या हिशेबाने निवड केली, एवढंच माझं म्हणणं. पटत नसेल तर मुद्द्यावर बोला.

बिनचूक :

शीर्षकच चूक. उत्तर व्हिएतनाममधल्या सापा गावात फ्रेंचांच्या काळातलं दगडी चर्च आजही उभं आहे, पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. आसपासच्या खेड्यांत हमोंग कॅथलिक कुटुंबं तेव्हापासून आहेत. साविना नावाचे फ्रेंच पाद्री तर हमोंगांत राहिले आणि १९२४ मध्ये त्यांनी हमोंगांचा इतिहास लिहून छापला. 'मिशनरी न जाता' कसं म्हणता?

डोंगरयात्री :

साहेब, तीन लाखांच्या लाटेबद्दल बोलतोय. सापाचे कॅथलिक मूठभर होते आणि मूठभरच राहिले. मिशनरी हजर असताना मूठभर, आणि नसताना तीन लाख. तुमच्या मुद्द्याने माझीच बाजू बळकट होते की!

माजघर :

'हिशेबाने निवड' हे वाचायला छान वाटतं, पण त्या हिशेबात वजाबाकी कशाची झाली ते कुणीच मांडत नाही.

जुन्या पद्धतीच्या हमोंग घरात दारासमोरच्या भिंतीवर एक कागद लावलेला असतो आणि त्यावर कोंबडीच्या रक्ताने पिसं डकवलेली असतात. हा घराचा रखवालदार देव. मूल जन्मलं की त्याची वार घरातच पुरतात, मुलाची मधल्या खांबापाशी आणि मुलीची आईबापांच्या खाटेखाली. माणूस गेला की जाणकार तासन्‌तास एक गीत म्हणतो. त्यात मेलेल्याच्या आत्म्याला तो आयुष्यात जिथे जिथे राहिला ती गावं उलट्या क्रमाने दाखवत, प्रत्येक गावाच्या देवांचा निरोप घ्यायला लावत, जन्माच्या घरी आणतात. तिथे त्याने आपली वार अंगरख्यासारखी घालायची आणि मग पूर्वजांकडे जायचं. ते गीत, तो ढोल, ते बांबूच्या नळ्यांचं वाद्य (केंग म्हणतात त्याला) हे नसेल तर आत्मा वाट चुकतो, अशी श्रद्धा.

आता घरातला एक मुलगा ख्रिस्ती झाला. पाद्री सांगतो ढोल नको, बळी नको, हे सगळं सैतानाचं. म्हातारीने मरताना कुणाकडे बघायचं? ही निवड त्या मुलाने तिच्यासाठीही केली, तिला न विचारता. रेडिओवरून आली म्हणून ती कमी जबरदस्तीची होत नाही.

तळटीप :

माजघरताई, गीताचं वर्णन आवडलं, पण खर्चाचं काय? आजारी पडलं की ओझा (मांत्रिक) सांगणार आत्मा हरवलाय, डुक्कर लागेल. मयताला म्हैस, बैल, तेही एक नव्हे. कर्ज काढून बळी दिलेत लोकांनी. 'देव बदलला की भुतांची भीती जाते आणि डुकरंही वाचतात' हा हमोंगांनीच मांडलेला हिशेब आहे.

लाओसमध्ये १९५० साली हेच झालं. शियेंग ख्वांग प्रांतात आंद्रियानॉफ नावाचं अमेरिकन जोडपं नुकतंच येऊन राहिलं होतं, पण खेड्यांत प्रचार केला तो खमू जमातीच्या एका स्थानिक तरुणाने. काही महिन्यांत हजारो हमोंग ख्रिस्ती. गोऱ्यांना भाषा येईपर्यंत गर्दी होऊन गेलेली.

सह्यकडा :

मिशनऱ्यांचं कौतुक चाललंय तर नियोगी समितीचा अहवाल वाचा. १९५६, तेव्हाचा मध्य प्रदेश, राजधानी आपलं नागपूर. शाळा, दवाखाने, पैसा या मार्गाने आदिवासींचं धर्मांतर कसं होतं ते सगळं त्यात आहे. सगळीकडे पद्धत तीच असते.

डोंगरयात्री :

सह्यकडा, नियोगींचा आक्षेपच मुळी शाळा, दवाखाने आणि परदेशी पैशावर होता. यातलं एकही व्हिएतनामच्या डोंगरात नव्हतं. छत्तीसगढचा चष्मा लावून व्हिएतनामचं लाय चाऊ बघितलं तर कसं दिसणार?

उलट सरकारचं बघा. व्हिएतनामच्या कम्युनिस्ट सरकारने आधी याच ओझागिरीला अंधश्रद्धा म्हणून झोडपलं. लोक ख्रिस्ती व्हायला लागल्यावर अधिकारी गावोगाव जाऊन 'पूर्वजांची पूजा परत मांडा' म्हणून दमदाटी करू लागले! २००५ मध्ये पंतप्रधानांनी फर्मान काढलं की कुणालाही धर्म घ्यायला किंवा सोडायला भाग पाडू नये. म्हणजे तोवर काय चाललं होतं ते समजून घ्या. घरं सोडून दक्षिणेला डाक लाक, डाक नोंगपर्यंत गेलेली ख्रिस्ती कुटुंबं आहेत. सोडायची जबरदस्ती झाली, घ्यायची नाही.

बिनचूक :

लिपीचा मुद्दा अजून कुणीच काढला नाही. पोथी फार पूर्वी हरवली, नदी ओलांडताना बुडाली किंवा जनावराने खाल्ली, अशा कथा हमोंग सांगत आले. मग १९०५च्या सुमारास सॅम्युअल पोलार्ड यांनी चीनमध्ये ग्वेइचौच्या शिमेनखान इथे लिपी बसवली, शाळा काढली. १९१५ साली विषमज्वराने तिथेच वारले. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसच्या लुआंग प्रबांगमध्ये दोन प्रोटेस्टंट आणि एक कॅथलिक मिशनरी एकत्र बसले आणि रोमन अक्षरांतली लिपी ठरवली. आज जगभरचे हमोंग फोनवर तीच टाइप करतात. पोथीची वाट बघणाऱ्यांच्या हातात पोथी दिली कुणी?

माजघर :

अर्धंच सांगताय. पोलार्डची लिपी अ-हमाव लोकांची. ते नात्यातले, पण त्यांची बोली लाओसच्या हमोंगाला कळत नाही. आणि श्यांग लू यांग कुठे गेले? निरक्षर शेतकरी, १९५९ मध्ये स्वतःच्या डोक्याने हमोंग भाषेसाठी पहाव नावाची लिपी तयार केली, कुठल्याही मिशनऱ्याशिवाय. देवाकडून मिळाली म्हणायचे. १९७१ मध्ये त्यांना ठार मारलं. मिशनऱ्यांनी पोथी 'दिली' म्हणणं म्हणजे या माणसाला पुसून टाकणं.

तळटीप :

आणि त्या तिघांतला कॅथलिक, फादर इव्ह बर्त्रे, यांनी त्याच रोमन लिपीत हमोंगांची लग्नाची आणि मयताची गीतं उतरवून घेऊन छापली. निर्वासित हमोंग फ्रेंच गयानात गेले तेव्हा तेही मागोमाग गेले. म्हणजे माजघरताई ज्या गीतासाठी हळहळताहेत ते टिकवायला एक मिशनरीच धडपडला. सगळ्या पाद्र्यांना एकाच माळेचे मणी करू नका.

माजघर :

बर्त्रेंना मानलं. पण रेडिओवर ते बोलत नव्हते ना! तीन लाखांपर्यंत जे पोचलं त्यात ढोलाला जागा नव्हती.

थंडीकर :

सेंट पॉल, मिनेसोटाहून लिहितोय. इथे हमोंग प्रचंड. लाओसच्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढले, १९७५ नंतर थायलंडच्या छावण्यांतून इकडे आले. धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. व्हिएतनामबद्दल बरोबर असाल, पण इथे निर्वासितांचे प्रायोजक बहुतेक चर्चच होते. घर, गरम कपडे, पहिली नोकरी सगळं त्यांनी बघितलं. कुणी 'बाप्तिस्मा घे' म्हटलं नाही तरी रविवारी घ्यायला गाडी दारात उभी. ज्याच्या जिवावर पहिला हिवाळा काढला त्याला नाही कसं म्हणणार? याला निवड म्हणायचं तर म्हणा.

ऑफिसातल्या एकाचे वडील वारले तेव्हा गेलो होतो. शुक्रवारी सुरू झालेला विधी सोमवारी संपला. हॉलमध्ये खांबाला टांगलेला ढोल, केंग वाजवणारा वाकून वाकून त्याच्याभोवती गोल फिरत होता. सोन्याचांदीच्या कागदाच्या घड्या घालून बायका ढीग लावत होत्या, मलाही शिकवलं. याचा धाकटा भाऊ चर्चमधला. तो चारही दिवस आला, पाहुण्यांना जेवण वाढलं, भांडी घासली, पण धूप हातात घेतला नाही आणि कागद दुमडायला बसला नाही. मोठा त्याला एका शब्दाने बोलला नाही. थोरली बहीण मात्र सगळ्यांदेखत बोलली.

सह्यकडा :

बघा, घरं फुटतात म्हणतो ते हेच.

थंडीकर :

फुटलं कुठे? चारही दिवस तिथेच होता म्हटलं ना. आणि चर्चमधले हमोंगसुद्धा आडनाव, म्हणजे कुळ, एक असेल तर लग्न करत नाहीत. पाद्र्याच्या पोराचंही जमायचं नाही. बायबलात असं कुठे लिहिलंय शोधून दाखवा.

डोंगरयात्री :

+१. याच जोरावर म्हणतो की त्यांनी धर्म आपल्या सोयीने वाकवून घेतला.

माजघर :

कुळाशी चर्चचं भांडण नव्हतं म्हणून कुळ राहिलं. यात वाकवलं काय? थंडीकरांच्या त्या थोरल्या बहिणीला विचारा कोण वाकलं ते. ती काय बोलली हे कुणी विचारलंच नाही.

थंडीकर :

हमोंग भाषेत बोलली, मला काय कळणार! मित्राला नंतर विचारलं तर म्हणाला, "सोड, दर मयताला हेच असतं."