घड्याळ पुढे-मागे करणं बंद करा, आणि हिवाळी वेळेवरच बंद करा

मिशिगनकर
रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे गेली आणि सोमवारी इथे अमेरिकेत डेट्रॉईटजवळ साडेसातला चक्क उजेड होता. आदल्या आठवड्यात सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवत होता. सहावीतली आमची मुलगी चकाकती पट्टी लावलेलं जाकीट घालून बसच्या थांब्यावर उभी राहायची, कारण वळणावरून येणाऱ्या गाडीवाल्याला अंधारात पोरं दिसतच नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, हा खेळ आता पुरे. २००७ पासून तर उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ तासभर पुढे ठेवायची ती, ताणून जवळजवळ आठ महिन्यांची केली आहे. बंद करायचं तर आत्ताच्या हिवाळी वेळेवर करा. झोपेच्या डॉक्टरांची संघटना, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन, २०२० पासून हेच सांगते आहे. शिवाय यासाठी राज्याला केंद्राच्या नव्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. हवाई आणि बहुतेक ॲरिझोना वर्षानुवर्षं तसेच नांदतायत. कायमची उन्हाळी वेळ मात्र केंद्राचा १९६६ चा कायदा बदलल्याशिवाय मिळत नाही.

चार्ल्सकाठचा
काका, तुम्ही ईस्टर्न टाइमच्या, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेच्या, पश्चिम टोकाला बसून बोलताय. ही वेळ ७५ अंश रेखांशावर बेतलेली. डेट्रॉईट ८३ वर, आमचं बॉस्टन ७१ वर. अंशाला चार मिनिटं धरा, म्हणजे तुमच्या-आमच्या सूर्यात ४८ मिनिटांचा फरक आणि घड्याळ एकच! डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो. ऑफिसातून निघेपर्यंत मिट्ट काळोख. तुमची हिवाळी वेळ बारमाही केली तर जूनमध्ये सूर्योदय पहाटे चार वाजून गेल्या गेल्या. एवढ्या पहाटे उजेड घेऊन करू काय, पापड वाळत घालू? मला कायमची उन्हाळी वेळ हवी. सिनेटने २०२२ च्या मार्चमध्ये त्यासाठीचा सनशाइन प्रोटेक्शन ॲक्ट एकमुखाने मंजूर केला होता. पुढे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, हाउसने, त्याला हात लावला नाही.

मिशिगनकर
करून झालंय ते. तेलटंचाईच्या वेळी अध्यक्ष निक्सननी ६ जानेवारी १९७४ पासून दोन वर्षांसाठी कायमची उन्हाळी वेळ लावली. सुरुवातीला लोक खूश होते. मग पोरं काळोखात शाळेला निघाली, फ्लोरिडात काही मुलं सकाळच्या अपघातांत गेली, आणि हिवाळा सरायच्या आत सगळा उत्साह मावळला. त्याच ऑक्टोबरात ते प्रकरण गुंडाळलं. आमच्याकडे तसं झालं तर जानेवारीत सूर्य नऊला उगवेल. नऊला!

रातपाळी
तुम्ही दोघं उजेडावर भांडताय. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत रात्रपाळी करते. नोव्हेंबरात घड्याळ मागे जातं त्या शनिवारी रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. पहिल्या दीडला दिलेलं औषध चार तासांनी पुन्हा द्यायचं, तर घड्याळात वाजतात साडेचार. सकाळी नोंद बघणाऱ्याला वाटतं, तीनच तासांत दिलं की काय! म्हणून त्या तासाच्या नोंदी आम्ही आधी कागदावर करतो आणि मग कॉम्प्युटरमध्ये चढवतो. कुठलीही एक वेळ ठरवा, पण ठरवा. आणि मार्चमध्ये तास पुढे गेला की सोमवारी हार्ट अटॅक वाढतात, हे मिशिगनच्याच हॉस्पिटलांच्या आकडेवारीवर २०१४ मध्ये दाखवलं गेलंय. २४ टक्के वाढ.

दोन्ही डगरींवर
तो अभ्यास पुढेही वाचा की. आठवड्याची एकूण संख्या बदललेली नाही, आणि नोव्हेंबरातल्या मंगळवारी २१ टक्के घटच आहे. येणारे अटॅक थोडे आधी आले, इतकंच.
मला विचाराल तर हा बदल चालूच ठेवावा. हिवाळ्यात सकाळचा उजेड हवा, उन्हाळ्यात संध्याकाळचा. दोन्ही हवं तर वर्षातून दोनदा तासभर गैरसोय सोसायला काय हरकत आहे? रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ लावली, लोक सकाळच्या काळोखाला वैतागले, आणि २०१४ मध्ये कायमची हिवाळी आली. युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये घड्याळबदल थांबवायचा ठराव केला, पण कुठली वेळ ठेवायची यावर देशांचं जमेना. गाडं अजून तिथेच अडलंय. शिवाय विजेचं बघा, थोडी तरी वाचते.

मिशिगनकर
विजेचं राहू द्या. आमच्या शेजारच्या इंडियानात २००६ पर्यंत बहुतेक जिल्हे घड्याळ बदलत नव्हते. सगळ्यांनी सुरू केल्यावर तपासलं, तर घरगुती वीज सुमारे एक टक्का जास्तच लागली. दिव्यात वाचली ती एसीने खाल्ली.

हिंजवडी फेज ३
आमचं कोणी विचारतच नाही 😀 न्यूयॉर्कचा सकाळी नऊचा कॉल उन्हाळ्यात आम्हाला साडेसहाला असतो, कालपासून साडेसात. म्हणजे कंपनीची बस चुकली, जेवण साडेनवाला. मार्चमध्ये अमेरिका बदलते, लंडन महिन्याच्या शेवटच्या रविवारी, तोवर तिघांच्या कॉलचा पार विचका. माझं मत कायमच्या उन्हाळी वेळेला. स्वार्थी आहे, पण मत आहे.

जोरहाट रिटर्न
घड्याळाला कशाला हात लावता? आसामात चहाच्या मळ्यांवर बागान टाइम चालतो, भारतीय वेळेच्या एक तास पुढे. सरकारी वेळ तीच राहते, भोंगा मात्र उजेड बघून वाजतो. तुम्हीही शाळांच्या वेळा बदला. कॅलिफोर्नियाने केलंच ना, २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत.

मिशिगनकर
ऐकायला बरं वाटतं. पण इथे त्याच बस आधी हायस्कूलच्या मुलांना सोडतात, मग मिडलच्या, मग बारक्यांना. पहिली फेरी तासाने उशिरा काढली की बारकी पोरं दहाला शाळेत पोचणार आणि आईबापांनी ऑफिसात काय सांगायचं? शाळेच्या बैठकीत हा विषय दर हिवाळ्यात निघतो आणि बसच्या वेळापत्रकावर येऊन आपटतो.
बॉस्टनकर, तुमच्यासाठी एक तोड आहे. तुम्ही ईस्टर्न सोडा, तिच्या तासभर पुढची अटलांटिक वेळ घ्या आणि वर्षभर तीच ठेवा. तुम्हाला संध्याकाळ मिळेल, आम्हाला सकाळ.

चार्ल्सकाठचा
मॅसॅच्युसेट्सच्या समितीने २०१७ मध्ये तेच सुचवलं होतं, पण शेजारची राज्यंही आली तर. एकट्याने गेलो तर न्यू हॅम्पशायरहून रोज इकडे कामाला येणाऱ्यांची घरी एक वेळ, ऑफिसात दुसरी. आधी न्यूयॉर्कला तयार करा, मी लगेच सही करतो.

रातपाळी
म्हणजे पुढच्या नोव्हेंबरातही कागदच.