शाळा व्यवस्थापन समितीची सहीपुरती अध्यक्ष झालेय. काय करू?

नमस्कार मंडळी,

आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी मिळून 43 मुलं, दोन शिक्षक. माझी मुलगी तिसरीत. जूनच्या पालकसभेत कुणीतरी माझं नाव घेतलं, बाकीचे गप्प बसले आणि मी अध्यक्ष झाले. निवड म्हणायची ती एवढीच.

गेल्या गुरुवारी मी शेतात होते. चौथीतला एक मुलगा समितीच्या बैठकांची नोंद असते ती प्रोसिडिंगची वही घेऊन बांधावर आला. "सरांनी सही मागितलीय." पदराला हात पुसले नि केली सही. वही परत देताना वाचलं, 'शाळा विकास आराखड्यावर चर्चा होऊन तो सर्वानुमते मंजूर.' अनुमोदक म्हणून नाव माझंच! तो आराखडा मी अजून पाहिलेलाही नाही.

सर खोटे नाहीत, हे आधीच सांगते. कुलूप तेच उघडतात, दोन वर्ग शिकवतात, पोषण आहाराचा तांदूळ मोजून देतात आणि रेंजसाठी आवाराच्या कोपऱ्यात उभं राहून ऑनलाइन माहिती भरतात. त्यामुळे वर तक्रार करायची इच्छा नाही. पण न झालेल्या चर्चेवर परत सही करायचीही नाही.

शिक्षण हक्क कायदा वाचला. समितीत किमान 75 टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. कागदावर आमच्याकडे दोन्ही आहे. पण बैठक दुपारी दोनला, आणि तेव्हा बायका रोजावर असतात. एखादी आलीच तर दाराशी टेकते आणि चहा झाला की उठते.

सरांना न दुखवता शाळेच्या पैशांचा हिशेब कसा मागू? आणि या बायका बोलत्या कशा होतील?

रोखठोक : माहिती अधिकारात अर्ज टाका. सरळ येतील सगळे.

खडूफळा : ताई, अर्जाची घाई नको. मी स्वतः जि.प. शिक्षक आहे, आणि अशी वही मीही भरलीय. लागोपाठ दोन बैठकांना कुणी फिरकलं नाही आणि आमच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना दर महिन्याचं इतिवृत्त (बैठकीचा लेखी वृत्तांत) हवं होतं. समर्थन करत नाही, कसं घडतं ते सांगतो.

सुरुवात पैशांपासून करू नका. सरांच्या डोक्यावरचं एखादं काम आधी उतरवा. रोज एका पालकाने येऊन आहार चाखायचा आणि चव नोंदवहीत लिहायचं, एवढं जरी पालकांनी वाटून घेतलं तरी शाळेत तुमची ये-जा सुरू होते. मग कॅशबुक मागितलं तर ते संशयाने मागितलं असं वाटत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त अनुदान असतं, त्यातला किमान 10 टक्के खर्च स्वच्छतेवर. तुमच्या शाळेला प्रत्यक्षात किती आले, कशावर गेले, हे बैठकीत वाचून दाखवा म्हणायचं. अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीचंच काम आहे, यात उपकार कुणाचेच नाहीत.

आणि आराखडा सोडू नका. कलम 22 प्रमाणे तो समितीने करायचा असतो आणि शासनाचं अनुदान त्याच्या आधारे ठरायचं असतं. बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीच्याच कागदावर तारीख बदलतात. (आम्ही तर एकदा पाडलेल्या खोलीची दुरुस्ती मागितली होती.)

पडवी : आमच्याकडे बैठक संध्याकाळी सातला, शाळेच्या ओट्यावर घ्यायला लागलो. बायका आल्या, पण गप्पच. मग आम्ही विषयपत्रिका बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, "तुमची पोरगी शाळेतून आल्यावर पहिलं काय करते?" चौघी म्हणाल्या, "संडासला पळते." मुलींचं स्वच्छतागृह बंद असल्याचं असं कळलं. बांधलेलं होतं, पण पाणी नव्हतं. पुढच्या ग्रामसभेत त्याच बायकांनी नळजोडणीचा विषय लावून धरला. समितीच्या कागदापेक्षा चौघी समोर उभ्या राहिल्या हे ग्रामसेवकाला जास्त जड गेलं.

धागाकर्ती : रोखठोकदादा, रागावू नका, पण उद्या माझ्या पोरीला तेच सर शिकवणार आहेत.

खडूफळा, तुमचं ऐकलं. काल सरांना म्हटलं, सोमवारपासून चव बघायला आम्ही पाळीने येतो. सर आधी चपापले. मग म्हणाले, "बरं होईल, मी चव बघायला गेलो की माझी पहिली-दुसरी तेवढा वेळ मोकळी सुटते." तेव्हाच मी आराखड्याचं काढलं. कपाटातून काढून दिला. खडूफळांचंच खरं, मागच्या सालचा आहे.

पुढची बैठक शनिवारी संध्याकाळी ठरलीय. सर म्हणाले, वही आता तुमच्यातल्याच कुणीतरी समोर बसून लिहा. दहावी झालेली एक जाऊबाई तयार आहे, पण इतिवृत्त कसं लिहितात ते तिलाही ठाऊक नाही नि मलाही. बायका जे बोलतील ते तसंच लिहायचं का, की फक्त ठराव? कुणाकडे साधा नमुना असेल तर इथे टाका, शनिवारच्या आत.