भयपटात समाज शोधू नये म्हणे!

उंबरठा
काल इथे एकाने लिहिलं होतं : "भयपट म्हणजे दचकवायचा धंदा. भूत दिसलं, बाई किंचाळली, पैसे वसूल. त्यात समाज शोधणारे रिकामटेकडे." खाली टाळ्यांचा पाऊस. उत्तर लिहायला घेतलं आणि आवरेना, म्हणून वेगळा धागा.

आपल्या भुतांची एकदा हजेरी घ्या. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली. मुंजा कोण? मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो पोरगा. समंध कोण? ज्याचं मागे करणारं कोणी उरलं नाही आणि जीव पुरलेल्या धनात अडकलाय तो. पोटी मूल आणि नावावर जमीन, या दोन गोष्टींची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या आपण पिंपळावर बसवून ठेवली आहे.

'लपाछपी' (२०१७) घ्या. गरोदर नेहा, चहूकडे ऊस, घरात गोड बोलणारी तुळसाबाई. सगळी भुतं कापून टाका, तरी सिनेमा बघवणार नाही, कारण धाक आहे तो मुलगी नको म्हणून पोटावर नजर ठेवणाऱ्यांचा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. तो आकडा वाचून कोणाची झोप उडाली? उसात वाट चुकलेली बाई बघून मात्र थिएटरात माणसं हात घट्ट धरतात. रिकामटेकडे तर रिकामटेकडे.

तिसरी_घंटा
तो 'एक' मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, आडून कशाला.

बीडचा आकडा दिलात ना, आता तोच तुमच्या सिनेमाला लावून बघा. मुली गेल्या त्या सोनोग्राफीने. महाराष्ट्राने गर्भलिंगचाचणीवर १९८८ सालीच कायदा केला, देशात सगळ्यांच्या आधी. कोणासाठी करावा लागला? भिंतीवर डिग्री टांगलेल्यांसाठी. २०१२ चं बीडमधल्याच परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण आठवा. तिथे दवाखाना होता, डॉक्टर होते. आणि सिनेमात पाप कोणाच्या माथी? फडात राहणाऱ्या म्हातारीच्या. म्हणजे मल्टिप्लेक्समधल्या माणसाने पॉपकॉर्न संपवून म्हणायचं, बाई गं, खेड्यात काय काय चालतं! यात समाज कुठे आला? शहराची सोय झाली फक्त.

माजघर
@तिसरी_घंटा, मुद्दा बरा आहे, पण तुम्ही बाळंत झालेला नाही हे कळतं.

मी 'लपाछपी' सासूबाईंबरोबर टीव्हीवर पाहिला, सातव्या महिन्यात. (पाहू नये म्हणतात. पाहिला.) घर पुण्यातलं, सासूबाई निवृत्त शिक्षिका, नऊवारी वगैरे काही नाही. सिनेमा संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे इतक्या लांब उसात कोणी नेत नव्हतं." आणि चहा टाकायला उठल्या. पुढे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण चाळीस वर्षं बंद असलेलं तोंड एका 'दचकवायच्या धंद्याने' एका वाक्यापुरतं उघडलं. तुमचा कायदा आणि जनगणना आमच्या घरात कधी बोलली नव्हती.

बॅटरीवाला
सगळं ठीक, पण या सिनेमांमुळे भगतांची दुकानं चालतात त्याचं काय? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काढून वाचा, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा त्यातल्या यादीत अगदी वरचा गुन्हा आहे. माझ्या मावशीला आकडी यायची. डॉक्टरांची गोळी चालू होती, गुण येत होता. मग कुठलीशी मालिका बघून नणंदेने ठरवलं की हे 'बाहेरचं' आहे. गोळी बंद, लिंबू चालू. तुम्ही बसा प्रतीकं सोडवत.

तिसरी_घंटा
बघा, हे मला म्हणायचं होतं.

उंबरठा
नाही, तुम्ही भयपटात समाज नसतोच म्हणाला होतात. आता समाज बिघडतो म्हणताय. एक काय ते ठरवा.

आकेरीकर_नाना
तुमचं चालू द्या. मला एकच विचारायचंय, भूत दाखवायचं की गाठलं कोकण, हे कोणी ठरवलं? 'रात्रीस खेळ चाले' आलं २०१६ ला, तेव्हापासून बघतोय. मुंबईचा माणूस उतरला की पहिला प्रश्न, "रात्री बाहेर पडलं तर चालतं ना?" अरे, आम्ही रात्री खेकडे धरायला जातो! मग आला 'मुंज्या', तोही कोकणात. 'तुंबाड'चा तर कहर. गावाचं नाव आमच्या खेड तालुक्यातलं, वाडा सासवडचा. बदनामी आमची, घाटावरच्यांना शूटिंगचं भाडं!

आणि राखणदार म्हणजे भूत नव्हे. त्याला वर्षातून एकदा नारळ-कोंबडा देतो, गाऱ्हाणं घालतो, तो घर सांभाळतो. तुमका म्हायत नाय, तर दाखवू नका.

फडकरी
नाना, त्याच मालिकेमुळे आकेरीचा वाडा बघायला गाड्या भरून माणसं येतात. सोलकढी तुम्हीच विकता. आमच्या मराठवाड्यात भूत जरी आलं असतं तरी रस्ता झाला असता.

आकेरीकर_नाना
रस्ता? चतुर्थीला ये मुंबई-गोवा महामार्गाने, मग बोलू.

बॅटरीवाला
विषय भुतांचा होता.

आकेरीकर_नाना
विषय भुतांचाच आहे. आमच्या वडिलोपार्जित जागेला गिऱ्हाईक आलं होतं. चुलतभावाला विकायची नव्हती. त्याने वाडीत उठवून दिलं की विहिरीवर समंध आहे, संध्याकाळी हाक मारतो. गिऱ्हाईक पायरी न चढता परत. सातबारावर सतरा नावं, निम्मी मुंबईला, दोन दुबईत, आणि जागा राखतोय कोण? नसलेला समंध.

उंबरठा
नाना, मी वर घसा फोडून हेच सांगतोय! जमिनीचा वाद झाला की भूत निघतं. तुम्ही माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

आकेरीकर_नाना
मी तुमचा मुद्दा मांडायला आलेलो नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या भांडणाचा सिनेमा करायचा तर त्यात तलाठी दाखवा, वाटणीची तारीख दाखवा, गणपतीला एकत्र आरती करून दुसऱ्या दिवशी एकमेकांवर केस टाकणारे भाऊ दाखवा. ते राहतं बाजूला, आणि कंदील घेतलेली म्हातारी तेवढी येते.

माजघर
म्हातारीच येते. प्रत्येक वेळी. भाऊ, तलाठी, डॉक्टर, नवरा, कोणाच्याच अंगात भूत शिरत नाही. @तिसरी_घंटा, तुमचं तेवढं खरं.

तिसरी_घंटा
देवा, या धाग्यावर कोणीतरी 'खरं' म्हणालं. तारीख लिहून ठेवतो. बरं, मीही देतो थोडं. सासूबाईंच्या त्या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. हडळीपुरता तुमचा समाज मान्य, खजिन्याच्या सिनेमांपुरता नाही. तिथे लोक सोनं बघायला जातात. 'तुंबाड' २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला झाला. काय, सगळ्यांना एकदम लोभाचं चिंतन सुचलं?

उंबरठा
सोनं बघायला गेले हेच तर लोभाचं...

तिसरी_घंटा
बास. नाना, ती जागा कुठेशी आहे? विहीर बारमाही आहे का? खरंच विचारतोय.

आकेरीकर_नाना
आला! सतरा सह्या आणा, मग सांगतो.