प्रवासाला छोटी गिटार: सोय की खेळणं?

धागाकर्ता: प्रवासासाठी स्वस्तातली ॲकूस्टिक घ्यायची तर माझ्या मते पाऊण आकाराची घ्यावी, नट ते ब्रिज, म्हणजे तारेचा वाजणारा भाग, २२-२३ इंच असावा आणि बॉडी बिनधास्त लॅमिनेटची, म्हणजे थर चिकटवून केलेली असावी. 'सॉलिड टॉप (वरची फळी एकसंध लाकडाची) नाही? मग ती गिटार कसली!' असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सॉलिड लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याहून कोरड्या हवेत ते आकसतं, तडकतं. दमट हवेत फुगतं. गाडीच्या डिकीत हे लाड कोण पुरवणार? मार्टिन कंपनीच्या 'लिटल मार्टिन' या छोट्या गिटारांमधल्या एलएक्सएमचा तर टॉपसुद्धा सनमायकाच्या जातकुळीतला आहे, म्हणजे राळेत भिजवून दाबलेल्या कागदाचे थर. ऐकायला विचित्र, पण हवा बदलली म्हणून रुसत नाही.

खर्जप्रेमी: साफ असहमत. रुसत नाही हे मान्य, पण बोलते तरी कुठे? जाड ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा. एवढ्याशा पोटातून तो उमटतच नाही धड, कानाला वरचे स्वर तेवढे लागतात आणि डबा वाजवल्यासारखं होतं. शिवाय बोटांची सवय मोडते. आठवडाभर छोटीवर वाजवून घरी आलो की दोन दिवस माझी बोटं फ्रेटच्या (गळ्यावरच्या धातूच्या पट्टीच्या) अलीकडेच पडतात. त्यापेक्षा जुनी, ओरखडे पडलेली पूर्ण आकाराची न्यावी. आपटली तरी जीव वरखाली होत नाही.

धागाकर्ता: सवयीचं कारण पटत नाही. तुमच्या २५.४ इंची गिटारला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. उरलेली तार साधारण २२.६ इंच भरते. टेलर कंपनीच्या 'बेबी टेलर' या छोट्या गिटारची २२.७५ आहे. कॅपो लावल्यावर बोटं चुकतात का कधी?

तारवाला: कॅपोचा दाखला अर्धाच खरा आहे. कॅपो लावल्यावर सूर चढतो, ताण तोच राहतो. छोट्या गिटारवर मात्र त्याच तारा लावून तोच ई मिळवायचा, तर ताण उतरवावा लागतो. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे २५.४ वरून २२.७५ वर आलात की जवळपास २० टक्के गेला. तार ढिली, बोट जरा जोरात दाबलं की सूर चढलाच. लोक ट्यूनरला शिव्या घालतात, दोष असतो ढिल्या तारेचा. उपाय आहे: १२ ऐवजी १३ चा सेट, म्हणजे जरा जाड तारा (आकडा सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). टेलरची जीएस मिनी (२३.५ इंच) येतेच मीडियम, म्हणजे १३ च्या तारांवर. पण ती 'स्वस्तातली'मध्ये बसवू नका हं. आणि कुठलीही घेताना बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले नाहीत तर दुकानातच नमस्कार करा.

खर्जप्रेमी: बघा! म्हणजे आधी छोटी घ्या, मग तिच्यावर जाड तारा चढवून मोठीची नक्कल करा.

हलकाफुलका: दोघांचंही ओझं जास्तच आहे. गिटालेले घ्या, म्हणजे युकुलेलेएवढी सहा तारांची गिटार! यामाहाच्या जीएल१ ची तार ४३३ मिमी, म्हणजे १७ इंच. नायलॉनच्या तारा, पाठीवरच्या पिशवीत मावते. कॉर्डचे आकार गिटारचेच, फक्त पाचव्या फ्रेटवर कॅपो लावल्यासारखा सूर.

धागाकर्ता: तिथेच तर गोची आहे. काळी एकला गाणाऱ्याला पाच फ्रेट वर नेऊन बसवलंत. खरा ई मेजर हवा असेल तर बी चा आकार धरायचा, म्हणजे बार कॉर्ड, एकाच बोटाने बऱ्याच तारा दाबायच्या. नवशिक्याने काय करायचं? नुसता रियाझ करायचा असेल तर ठीक आहे, पण चारचौघांत सगळे गायला लागले की पंचाईत.

हलकाफुलका: चारचौघं असतील तर तुमची गिटार ऐकू तरी येते का? आणि विमानात गिटार वर ठेवू देतील की नाही, या काळजीत दारापर्यंत रांगेत उभं राहण्यापेक्षा बार कॉर्ड परवडली. मी दोनदा राहिलोय, एकदा गिटार खाली सामानात गेली आणि खुंटी वाकून आली.

खर्जप्रेमी: यावर मात्र सहमत. हार्डकेस नसेल तर सामानात देऊ नका, आणि द्यावीच लागली तर तारा दोन-तीन सूर उतरवा.

तारवाला: कुणी मार्टिनची बॅकपॅकर ही प्रवासी गिटार सुचवायच्या आत सांगून ठेवतो. वल्ह्यासारखी दिसते, पण तार चांगली २४ इंच. १९९४ मध्ये कोलंबिया यानातून अवकाशातही जाऊन आली.

धागाकर्ता: तिथेच शोभते ती. पृथ्वीवर मांडीवर घेतली की नेक जमिनीकडे झुकते. पट्ट्याशिवाय एक गाणं वाजवून दाखवा, माझी छोटी तुम्हाला देतो.

खर्जप्रेमी: नको, डबा आहे घरी.