मसुरीचं वरण आणि जप
तूरडाळ आणि मसाले भरून नेले नाहीत तर जर्मनीत जेवणाचे हाल होतात, आणि एकटेपणाही खूप जाणवतो, असं म्हणतात. त्यातलं जेवणाबद्दलचं म्हणणं मला पटत नाही. आखेन या जर्मन शहरात दोन वर्षं शिकताना मला तिथल्या साध्या दुकानातल्या सोललेल्या मसुरीनं तारलं. पाकिटावर 'रोटे लिन्झन', म्हणजे लाल मसूर, असं लिहिलेलं असतं. भिजवायला नको, कुकर नको, १५-२० मिनिटांत वरण तयार. रविवारी दुकानं बंद, म्हणून तांदूळ-दही शनिवारीच आणून ठेवायचं.

एकटेपणाबद्दल मात्र अगदी सहमत. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं. खोलीत धुराचा अलार्म, त्यामुळे उदबत्तीही लावता येत नव्हती. मग वरण शिजेपर्यंत शेगडीपाशीच उभी राहून विठ्ठलाचा जप करायचे. परीक्षेच्या आदल्या रात्रीही तो कधी चुकवला नाही.