पॉवर ट्यूब बदलल्यावर बायस: प्रोब घ्यावा की दुसरं काही?

तारछेड्या: नमस्कार मंडळी. गिटार अ‍ॅम्पमधल्या दोन्ही ६एल६ पॉवर ट्यूब थकल्यात, आवाज मिळमिळीत झालाय. मॅच्ड जोडी आणली आहे, पण वेगळ्या कंपनीची. नुसती बसवून वाजवू की बायस, म्हणजे काही वाजत नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट, जुळवायलाच हवा? मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं. बायस प्रोब (ट्यूब आणि सॉकेटच्या मध्ये बसवून करंट मोजायचं साधन) घ्यावा का?

कॅथोडराव: अ‍ॅम्प कॅथोड बायस आहे की फिक्स्ड, ते आधी बघा. कॅथोडपासून (ट्यूबचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) ग्राउंडला जाडजूड रेझिस्टर आणि त्याला समांतर कपॅसिटर असेल तर कॅथोड बायस. व्हॉक्स एसी ३० तसाच. तिथे जोडी बसवायची आणि वाजवायचं. फिक्स्ड, म्हणजे ग्रिडला (करंटवर ताबा ठेवणारी जाळी) वेगळं उणे व्होल्टेज दिलेलं, असेल तर मात्र मोजल्याशिवाय सोडू नका. मॅच्ड जोडी म्हणजे त्या दोघी एकमेकींशी जुळतात, तुमच्या अ‍ॅम्पशी जुळतीलच असं नाही.

तारछेड्या: फिक्स्ड आहे. आत छोटा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आहे. प्रीॲम्पच्या १२एएक्स७ ट्यूब पण बदलणार होतो.

कॅथोडराव: १२एएक्स७ बिनधास्त बदला, त्यांना काही करावं लागत नाही.
प्रोब चांगलाच असतो, पण तुमचा पॉट आत आहे, म्हणजे चासी (आतला धातूचा सांगाडा) बाहेर काढावीच लागणार. मग मी तरी प्रोबवर पैसे घालणार नाही. दोन्ही सॉकेटच्या ८ नंबरच्या पिनेपासून ग्राउंडला एकेक १ ओहमचा, १ टक्क्याचा रेझिस्टर लावा. त्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. एकदा लावले की कायमचं काम झालं.
पॉट आधी सर्वांत थंड, म्हणजे कमीत कमी करंटच्या बाजूला, ग्रिडवर जास्तीत जास्त उणे व्होल्टेज येईल असा फिरवा. ट्यूब न बसवता ५ नंबरच्या पिनेवर उणे ५० च्या आसपास काहीतरी दिसलं पाहिजे. शून्य दिसलं तर ट्यूब बसवूच नका.

जुनाट: थांबा जरा. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये चारेकशे व्होल्ट बसून असू शकतात. रेझिस्टरमधून उतरवा आणि उतरलेत हे मीटरने बघा, मगच आत हात घाला. चालू असताना एक हात खिशात. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. यातलं काही नवीन वाटत असेल तर सरळ टेक्निशियनकडे न्या, त्यात कमीपणा नाही.

सहातारी: आणखी एक. सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलच्या) काळातल्या बऱ्याच फेंडरमध्ये पॉट असतो, पण तो बॅलन्सचा. फिरवल्यावर एका ट्यूबचा करंट वाढला आणि दुसरीचा उतरला तर समजा तोच आहे. त्याने एकूण बायस बदलत नाही.

तारछेड्या: सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पॉट मधोमध आणल्यावर प्लेटवर (ट्यूबमधलं इलेक्ट्रॉन गोळा करणारं टोक) ४५५ व्होल्ट, एका ट्यूबला ५२ आणि दुसरीला ४७ मिलिअँपिअर. हे बरोबर का?

कॅथोडराव: गरम आहे. ४५५ गुणिले ०.०५२ म्हणजे साडेतेवीस वॅटच्या वर. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट, तिचे ७० टक्के म्हणजे २१. कॅथोडच्या आकड्यात स्क्रीनचेही (ट्यूबमधली दुसरी जाळी) थोडे मिलिअँपिअर असतात, त्यामुळे प्लेटवर प्रत्यक्षात जरा कमी पडतं. तरीही उतरवा.
आणि ७० टक्के हे छप्पर आहे, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. लोक उगाच त्या आकड्यामागे लागतात. मी ६० च्या आसपास ठेवून कान लावतो. फार थंड झालं तर हळू वाजवताना सूर विरताना खरखरतो, तो क्रॉसओव्हर, म्हणजे सिग्नल एका ट्यूबकडून दुसरीकडे जाताना होणारा बिघाड. तिथून किंचित वर घ्यायचं. करंट उतरवला की प्लेट व्होल्टेज चढतं, म्हणून दरवेळी दोन्ही आकडे पुन्हा मोजा.
५ मिलिअँपिअरचा फरक चालेल. ट्यूबांची अदलाबदल करून बघा, फरक सॉकेटपाशीच राहिला तर दोष अ‍ॅम्पमध्ये आहे.

तारछेड्या: आता ४६५ व्होल्टला ४० आणि ३६. फरक ट्यूबबरोबर फिरला. खरखर नाही, आवाज छान मोकळा झालाय! याच सॉकेटात ईएल३४ (वेगळ्या जातीच्या पॉवर ट्यूब) चालतील का?

जुनाट: १८.६ वॅट, उत्तम. दिवे घालवून प्लेटा लाल होत नाहीत ना तेवढं बघा, आणि काही तास वाजवून झाल्यावर एकदा मोजा, नव्या ट्यूब सुरुवातीला सरकतात.
ईएल३४ नुसत्या बसवू नका. तिचा हीटर दीड अँपिअर ओढतो, ६एल६ चा ०.९. ट्रान्सफॉर्मरला झेपतं का ते आधी कळलं पाहिजे. शिवाय १ नंबरची पिन ८ ला जोडावी लागते आणि बायस नव्याने करावा लागतो. अ‍ॅम्पचं मॉडेल टाका, मग बघू.